पेटीतली ऊब

एरवी या सदरात मी पुस्तकांविषयी लिहितो, नाही तर पुस्तके न वाचणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी. दिवाळी अंक आला की संपादक थोडी जागा वाढवून देतात आणि 'काही तरी घरगुती येऊ द्या' असे सुचवतात. यंदा घरगुती म्हणण्याजोगी एकच गोष्ट आमच्याकडे घडली. आम्ही अंडी उबवली.

'आम्ही' म्हणजे मी आणि आमचे चिरंजीव. चिरंजीव अकरावीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. बुधवार पेठेत दोन फेऱ्या मारून त्यांनी तापमान राखणारे एक छोटे यंत्र, संगणकातला एक जुना पंखा आणि दोन पिवळे बल्ब आणले. थर्माकोलची मोठी पेटी कोपऱ्यावरच्या फळवाल्याने दिली. 'पिवळेच बल्ब का?' असे मी विचारले तेव्हा समजले, की हल्लीचे एल.ई.डी. दिवे उजेड भरपूर देतात, पण ऊब फारशी देत नाहीत. आमच्या प्राध्यापक मंडळींतही असे काही आहेत. पण तो विषय निराळा.

"फ्रिजमध्ये डझनभर पडलीत, तीच ठेवा की!" सौ. म्हणाल्या. त्यावर चिरंजीवांनी आम्हा दोघांचा वर्ग घेतला. दुकानातल्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. ती ज्या कोंबड्यांची असतात त्यांच्यात कोंबडा ठेवलेलाच नसतो. अंडी हवीत गावरान कोंबड्यांची, आठ दिवसांच्या आतली आणि रुंद टोक वर करून सावलीत ठेवलेली. शिवाय सोसायटीच्या चिटणिसांनी जिन्यात गाठून विचारलेच होते, "पिल्लं मोठी झाल्यावर आरवणार ना?" तेव्हा मे महिन्याच्या सुटीत पेटी गाडीत घालून आम्ही पिरंगुट, पौड मागे टाकले आणि मुळशीला आमच्या गावी काकीकडे मुक्काम ठोकला.

काकीने पाच घरे फिरून चोवीस अंडी जमवली. मग पेटीकडे बघून म्हणाली, "ह्ये काय रं? बर्फाचं खोकं?"

"आजी, ही कोंबडीच आहे," चिरंजीव म्हणाले.

"मंग हिला दाणं टाकू का?"

वाचकहो, कोंबडी अंड्यांवर नुसती बसून असते अशी माझी इतके दिवस समजूत होती. ती किती चुकीची आहे हे या पेटीने मला शिकवले. पंखा असलेल्या पेटीत ऊब साडेसदतीस अंशांच्या आसपास रहावी लागते. दोन अंश वर गेले की आतला जीव भाजतो. तितकेच खाली आले तर थोडा वेळ तरी तग धरतो. कोंबडी चोचीने अंडी सतत उलथीपालथी करते. तसे केले नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. म्हणून चिरंजीवांनी प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला. दिवसातून पाच वेळा फुलीचा गोळा आणि गोळ्याची फुली करायची. पहाटे पाचची पाळी माझी होती. ओलाव्यासाठी पाण्याची एक वाटी आत ठेवायची. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवायचे आणि दुसरी वाटी ठेवायची, म्हणजे पिल्लू बाहेर येताना पापुद्रा वाळून त्याला आवळणार नाही. एकविसाव्या दिवशी पिल्ले.

सातव्या रात्री माजघरातले दिवे मालवून आम्ही एकेक अंडे विजेरीवर धरले. पाच अंडी नुसतीच पिवळी, स्वच्छ दिसली. ती बाजूला काढली. बाकीच्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरल्या होत्या आणि मधोमध एक काळा ठिपका हलत होता. वीस वर्षे मी वर्गात जीवनाविषयीच्या कविता शिकवतो आहे. पण त्या ठिपक्याकडे बघताना मला एक ओळ आठवेल तर शपथ. चौदाव्या दिवशी आणखी दोन अंडी बाद झाली. सतरा राहिली.

या गडबडीत काकीची एक तांबडी कोंबडी खुडूक झाली. घरातली सगळी अंडी पेटीत गेलेली, तरी ही रिकाम्या डालग्यात अंग फुलवून बसून राहिली. उठवायला गेले की गुरगुरे. पाण्यात बुचकळली की खुडूकपणा जातो असे मी कुठेसे वाचले होते. ते ज्ञान मी काकीला ऐकवले.

"ऱ्हाऊ दे तिला," काकी म्हणाली. "बसली तर काय तुमचं बिल येतंय?"

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. मुळशीचा वळीव ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. कौले उडाली, आंब्याची एक फांदी तारेवर पडली आणि दिवे गेले. पेटीतले बल्ब विझले, पंखा थांबला आणि यंत्रावरचे लाल आकडेही नाहीसे झाले. मोठ्या उबवणी केंद्रांत अशा वेळी जनित्र सुरू होते. आमच्याजवळ एक विजेरी आणि दोन मेणबत्त्या होत्या.

पाऊस थांबल्यावर आम्ही अंगणात आलो. खाली धरणाचे पाणी काळे पसरले होते आणि आसपासच्या एकाही घरात दिवा नव्हता. चिरंजीव त्या पाण्याकडे बघत म्हणाले, "बाबा, या पाण्यावर वीज होते ना? मग आपल्याकडे कशी नाही?"

मी मास्तर. उत्तर माझ्याजवळ तयार होते. आमच्या पणजोबांची आंबेमोहोराची खाचरे त्याच पाण्याखाली आहेत. १९२१ सालच्या रामनवमीला, १६ एप्रिलला, इथल्या मावळ्यांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. लढा हरला आणि धरण झाले. पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली भिऱ्याला सोडले आणि १९२७ पासून त्याची वीज मुंबईकडे जाऊ लागली. गिरण्या चालल्या, मुंबई उजळली. धरणाकाठच्या आमच्या वाड्यांवर दिवा लागायला पुढे कित्येक वर्षे गेली. काकी लग्न होऊन या घरात आली ती रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात.

हे सगळे मी सांगणार होतो. पण काकी मध्येच म्हणाली, "ती वीज खाली जाती, बाळा. हितं नसती थांबत. चल, आंडी बघू आधी."

तिने पेटी उघडली, एक अंडे उचलले आणि मिटल्या डोळ्यावर टेकवले. इजिप्तमध्ये फार पूर्वीपासून विटामातीच्या भट्ट्यांत, शेणाच्या आचेवर हजारो अंडी उबवत आले आहेत. तिथले कारागीर उष्णतामापकाशिवाय, पापणीला अंडे लावून ऊब ओळखत, हे मी वाचले होते. काकीने इजिप्तचे नावही ऐकले नसेल. पापणीची कातडी नाजूक असते एवढे तिला ठाऊक होते.

"कडंची गार पडल्याती. मधली अजून ऊन हायेत."

आता प्रश्न असा, की तांबडीच्या पंखाखाली मावणार बारा आणि अंडी सतरा. कोणती बारा? काही अंड्यांतून बारीक टकटक येऊ लागली होती. ती पहिल्यांदा वाचवावीत, असे मला वाटले. चिरंजीव काहीच बोलेनात. प्रत्येक अंड्याला त्यांनी पाचपाच वेळा हात लावलेला. एकाला घ्यावे आणि एकाला ठेवावे हे त्यांच्याने होईना.

काकीला असला पेच पडला नाही. "गार पडली ती तिच्याखाली. ऊन हायेत त्यांच्यात अजून दम हाय, ती आपण राखू." एकेक करून तिने बारा अंडी अंधारात तांबडीच्या पोटाखाली सरकवली. तांबडीने चोचीने ती आत ओढून घेतली, अंग थोडे पसरले आणि पुन्हा डोळे मिटले. फुली वर आहे की गोळा, हे तिने पाहिले नाही.

उरलेल्या पाचांसाठी आम्ही बापलेक रात्रभर जागलो. चुलीवर पाणी तापवायचे, बाटल्यांत भरायचे, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचे आणि वारा जायची भोके मोकळी सोडून वर गोधडी घालायची. पेटीवर ओणवलेला तो सोळा वर्षांचा मुलगा मी त्या रात्री नीट पाहिला. अभ्यासाला बसत नाही म्हणून मी त्याला वर्षभर बोललो होतो. पहाटे तीनला मी डुलकी घेत होतो. तो दर दहा मिनिटांनी अंडे पापणीला लावून पहात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवे आले. त्याच्या पुढच्या दिवशी डालग्यात नऊ पिल्ले निघाली आणि पेटीत तीन. पेटीतल्या एकाने कवचाला भोक पाडले आणि दहा तास तसेच पडून राहिले. चिरंजीवांचा हात शिवशिवत होता. पण त्यांनी तो मागे घेतला. आतल्या पापुद्र्यातले रक्त आणि पोटाबाहेरचा बलक पूर्ण आत जाईपर्यंत पिल्लू थांबते. आधी सोलले तर रक्तस्राव होऊन मरते. ते तिन्हीसांजेला आपले आपण बाहेर आले. रात्री ती तिन्ही पिल्ले काकीने हळूच तांबडीखाली सोडली. तिने बाराही आपली मानली.

यंत्राला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. पुण्यातच खडकीला सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा यंत्रांवाचून गावोगाव पिल्ले पोचलीच नसती. आमची पेटीही सोळा दिवस चोख चालली असे चिरंजीव सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण दोनच दिवसांची. मला एवढेच वाटते, की पेटीची ऊब तारेच्या दुसऱ्या टोकाला कुठे तरी असते आणि ते टोक आपल्या हातात नसते. मुळशीच्या माणसाला हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. मला मात्र त्या रात्री कळले. तुमच्या घरी कोणी अशी पेटी करणार असेल तर जरूर करू द्या. फक्त जवळपास एखादी खुडूक कोंबडी असली तर तिला पाण्यात बुचकळू नका.

बारा पिल्लांपैकी सात कोंबडे निघाले. त्यांचे पुढे काय, हे चिरंजीवांनी अजून काकीला विचारलेले नाही. मीही विचारलेले नाही. परवा काकीचा फोन आला होता. पोरे आरवायला शिकली म्हणे, पण सूर अजून लागत नाही. दिवाळीला आम्ही गावी जातो आहोत. यंदा अभ्यंगस्नानाला गजर लावायचे कारण नाही.