वजन उचलणार कोण?

‘लेटरप्रेस’ हा शब्द अलीकडे पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. मोठ्या शहरांत काही हौशी मंडळींना लग्नपत्रिका जाड, मऊ कागदावर हवी असते आणि अक्षर बोटाला जाणवेल इतकं कागदात रुतलेलं हवं असतं. त्यासाठी ती चांगले पैसेही मोजतात. त्याच वेळी तालुक्याच्या गावांतून, पेठांच्या बोळांतून ट्रेडल मशीनं किलोच्या भावाने भंगारात जात आहेत आणि शिशाचे खिळे वितळवायला. एकीकडे कौतुक, दुसरीकडे भंगार. दोन्हीकडे एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. या छापखान्यात बाई कुठे होती? आणि आता ती कुठे असणार आहे?

आम्ही दोघीजणी एका तालुक्याच्या गावी असा जुना छापखाना चालवतो. एक पायाने चालणारं ट्रेडल, खिळ्यांच्या काही केसी, एक कटिंग मशीन, शाईचे डबे. गिऱ्हाईक दारात येतं आणि शाईने हात माखलेल्या बाईला विचारतं, “वहिनी, मालक कुठे गेलेत?” मालक म्हणजे आम्हीच, हे पटायला त्याला वेळ लागतो. यात त्या माणसाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. छापखाना म्हणजे पुरुषाची जागा, हे त्याच्या मनात ज्यांनी आणि ज्या रीतीने भरवलं, ते आपण समजून घेतलं पाहिजे.

खरं म्हणजे छापखान्यात बायका कधीच नव्हत्या असं नाही. छापलेले कागद दुमडणं, पानं क्रमाने लावणं, दोऱ्याने शिवणं, खळ लावून कव्हर चिकटवणं, ही कामं बायका वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. पुष्कळदा घरी बसून, शेकड्याच्या भावाने, पोरांना हाताशी घेऊन. पण त्याला ‘बांधणीचं हातकाम’ म्हणायचं आणि खिळे जुळवण्याला ‘कसब’ म्हणायचं. कंपोझिटर कसबी, म्हणून त्याची मजुरी वेगळी. आता दोन्ही कामं शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत बोटांचा वेग लागतो, नजर लागते, तासन् तास लक्ष लागतं. देवनागरीच्या केसीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खिळ्यांची घरं पाठ असावी लागतात, हे खरं. ते शिकायला काही महिने लागतात, हेही खरं. पण ते शिकायला बाईला बसू कोण देत होतं? ज्या कामाचं शिक्षण बाईला मिळत नाही ते ‘कसब’ आणि जे ती आईकडून, जावेकडून बघून उचलते ते ‘हातकाम’, अशी ही वाटणी आहे.

बाईला लांब ठेवण्यासाठी जी कारणं दिली गेली त्यांत सर्वांत जुनं कारण वजनाचं. जुळवलेली पानं लोखंडी चौकटीत कसली की तयार होतो तो फर्मा. तो शिशाचा, म्हणून जड. तो बाईला उचलणार नाही, म्हणून छपाई हे तिचं काम नाही. लंडनमध्ये 1860 साली एमिली फेथफुल या बाईंनी ‘व्हिक्टोरिया प्रेस’ काढला. तिथे मुलींना खिळे जुळवायला शिकवलं आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी निघणारं नियतकालिक त्याच मुलींच्या हातून छापून घेतलं. तेव्हाही हाच आक्षेप आला. पुरुष कामगार संघटनांचा विरोध होता, त्रासही झाला. फेथफुलबाईंनी जड उचलण्याच्या कामासाठी पुरुष ठेवले आणि जुळवणी मुलींकडे दिली. व्यवहार म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण त्यातून वजनाचं कारण मात्र शाबूत राहिलं.

सिंथिया कॉकबर्न या ब्रिटिश स्त्रीवादी अभ्यासक बाईंनी 1983 साली लंडनच्या वृत्तपत्रांतल्या कंपोझिटर पुरुषांवर ‘ब्रदर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा आपल्या कामाचा आहे. शरीराच्या ताकदीत थोडा फरक असेलही. पण पोतं किती किलोचं असावं, चौकट किती मोठी असावी, टेबल किती उंच असावं, हे निसर्गाने ठरवलेलं नाही, ते माणसांनी ठरवलं आहे. ज्यांच्या हातात ठरवणं होतं त्यांनी आपल्या अंगाच्या मापाने ठरवलं. हे मला रोज दिसतं. आमच्या ट्रेडलचा कसलेला फर्मा एक बाई सहज उचलते. मोठ्या सिलिंडर मशीनचा फर्मा मात्र एकट्या पुरुषालाही नीट उचलत नाही, दोघं लागतात. दोन पुरुषांनी मिळून उचलला तर ते ‘काम’, आणि दोन बायकांनी मिळून उचलला तर ती ‘अडचण’, असं का? आणि ज्या बायका डोक्यावर पाण्याचे हंडे, विटा आणि लाकडाच्या मोळ्या वाहतात, त्यांना वजनाचं कारण सांगायचं हे तर हसण्यासारखं आहे.

खरं कारण मजुरीचं आहे. एडिंबरोमध्ये 1872 साली कंपोझिटरांनी संप केला तेव्हा मालकांनी मुली कामाला घेतल्या आणि त्यांना पुरुषांच्या सुमारे निम्मी मजुरी दिली. पुढे पुरुषांच्या संघटनेने काय मागितलं? समान मजुरी लावून धरण्यापेक्षा नवीन मुली शिकायला घेणंच बंद करा, ही मागणी त्यांनी 1910 साली पदरात पाडून घेतली. मालकाला स्वस्त हात हवे होते आणि संघटनेला आपली जागा राखायची होती. मध्ये मुली चिरडल्या गेल्या. आपल्या कामगार संघटनांतही हाच पेच आहे. बाई स्वस्तात काम करते म्हणून ती शत्रू, अशी भाषा आपण ऐकतो. तिला स्वस्तात राबवणारा बाजूलाच राहतो.

आता जवळचं उदाहरण. पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा छापखाना होता. रमाबाईंनी केलेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर तिथल्या स्त्रियांनीच जुळवलं आणि छापलं. रमाबाई 1922 साली गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. ग्रंथ कोणत्या धर्माचा, हा इथे मुद्दा नाही. दुष्काळात आलेल्या, विधवा झालेल्या, घराने टाकलेल्या बायका आणि मुली हजारांवर पानांचा ग्रंथ एकेक खिळा उचलून उभा करतात, हा मुद्दा आहे. त्यांना अक्षरओळखही तिथेच झाली असणार. उलटी ओळ सुलटी वाचायची, चूक शोधायची, ती काढून नवा खिळा बसवायचा. साक्षरतेचा याहून पक्का वर्ग कुठला? तरी मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांची नावं आदराने घेतो, ते योग्यच, पण केडगावच्या त्या जुळारी बायकांची आठवण कितीजणांना होते?

शिशाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण जुन्या छापखान्याच्या प्रेमात पडलेली मंडळी ते बोलत नाहीत. खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असतात. शिसं विषारी आहे. ते गर्भापर्यंत पोहोचतं आणि लहान मुलांच्या बाबतीत ‘इतकं चालेल’ अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही. जुन्या केसींच्या तळाशी साचलेली धूळ आणि खिळ्यांवर चढलेली पांढरी भुकटी यांच्यापासून सर्वांत जपायचं. म्हणून आमच्याकडे नियम आहेत. केसीपाशी भाकरी खायची नाही, चहाही नाही. खिळा तोंडात धरायचा नाही. काम संपलं की साबणाने हात धुवायचे, कामाचा झगा घरी न्यायचा नाही. धूळ कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. खिळे वितळवणं इथे बंद. लहान मूल आत येणार नाही. पोटुशी बाई खिळ्यांच्या कामाला बसणार नाही, पण तिची मजुरी बुडणार नाही, तिला दुसरं काम मिळेल.

हा शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या कामांत बायकांना मनाई करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. पण वीज वापरणारा आणि दहाहून कमी माणसांचा छापखाना साधारणपणे त्या कायद्याच्या कक्षेतच येत नसे. म्हणजे संरक्षण हवं तिथे कायदा नाही आणि कायदा आला तर बाईला दाराबाहेर काढण्यासाठी. शिसं पुरुषाच्या रक्तातही जातं, त्याच्या मज्जातंतूंना आणि वीर्यालाही अपाय करतं. मग काम सुरक्षित करायचं की बाईला काढायचं? पहिला मार्ग खर्चाचा, दुसरा फुकटचा. आजवर बहुतेक वेळा फुकटचा निवडला गेला.

“पण हे चालतं का?” असं मैत्रिणी विचारतात. नुसत्या खिळ्यांवर चालत नाही. पावतीपुस्तकांना नंबर घालणं, भोकांची रेघ पाडणं, कार्डाला घडीची रेघ देणं, पाकिटाचा आकार कापणं ही कामं ट्रेडल आजही चोख करतं आणि ऑफसेटवाले ती बाहेर देतात. आमची भाजी-भाकरी त्यातून निघते. नवे देवनागरी खिळे मिळणं कठीण झालंय, म्हणून संगणकावर अक्षर बसवून पॉलिमरची पट्टी करून घेतो आणि ती खिळ्याच्या उंचीला, म्हणजे 0.918 इंचाला, आणून त्याच मशीनवर छापतो. त्यात शिसं नाही, हा मोठा फायदा. जुनं आणि नवं असं भांडण मशीनला माहीत नसतं. डब्लिनमध्ये एलिझाबेथ येट्स या बाईंनी 1908 पासून ‘कुआला प्रेस’ चालवला, जुन्या हातदाब्यावर, मुलींना शिकवून. त्यांच्या कविभावाची पुस्तकं छापल्याबद्दल त्या प्रेसचं नाव झालं. पण शुभेच्छापत्रं आणि रंगवलेली चित्रं विकून त्याला हातभार लावावा लागे. मोठेपणा पुस्तकांचा, पोट कार्डांवर. हे सगळ्याच छोट्या छापखान्यांचं गणित आहे, त्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संगणक आले, डीटीपी आलं आणि मुली त्या कामात मोठ्या संख्येने आल्या. मग मागे का जायचं? मी मागे जा म्हणत नाही. पण डीटीपीत मुली आल्या तेव्हा काय झालं तेही बघा. काल जे ‘कसब’ होतं ते आज ‘टायपिंग’ झालं. पानाचा भाव पडला. बाई आत आली की कामाची किंमत उतरते आणि किंमत उतरली की बाईला आत घेतलं जातं, हे चक्र यंत्र बदलून थांबत नाही. आता जुन्या छपाईला पुन्हा ‘कला’ म्हणून भाव येतो आहे. तिथे पुन्हा चित्रकाराचं नाव वर आणि ट्रेडलवर पाय मारणारीचं नाव कुठेच नाही, असं होणार असेल तर आपण आत्ताच बोललं पाहिजे.

1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं सक्तीचं केलं. त्यामागे सरकारचा हेतू नजर ठेवण्याचा होता. लिहिणाऱ्याबरोबर छापणारालाही धरता यावं, हा. तो कायदा आता गेला, त्याच्या जागी 2023 चा नवा कायदा आला आहे. पण ती ओळ आपण आपल्या हेतूने वापरू शकतो. आमच्या छापखान्यातून जाणाऱ्या पुस्तिकेवर जुळवणी कोणी केली, छपाई कोणी केली, घडी आणि शिलाई कोणी केली, हे सगळं नावानिशी छापलं जातं. तीन ओळी लागतात. त्या बायका ती पुस्तिका घरी नेऊन नातेवाइकांना दाखवतात. नाव छापलं म्हणून मजुरी वाढत नाही, हे मला कळतं. पण नाव असलं की मजुरी मागायला तोंड फुटतं.

मैत्रिणींनो, आपल्या संघटनांना पत्रकं लागतात, पावतीपुस्तकं लागतात, अहवाल लागतात. ते काम देताना दर विचारतो तसं हेही विचारा: घडीकाम कोण करतं, तिला शेकड्यामागे किती मिळतात? जिथे बायका मालक किंवा भागीदार आहेत तिथे थोडं काम वळवा. तुमच्या गावात एखादा जुना छापखाना मोडत असेल तर भंगारवाल्याच्या आधी तिथे जा. मशीन घेता आलं नाही तरी म्हाताऱ्या कंपोझिटरकडून चार मुलींना शिकून घेता येईल. आणि तिथे बांधणी करणारी बाई असेल तर तिचंही म्हणणं लिहून घ्या, कारण ते कुठेच लिहिलेलं नाही.

आपल्या चळवळीने शब्दांवर पुष्कळ मेहनत घेतली आहे. ते शब्द कागदावर उतरवणारे हात बहुतेक वेळा भाड्याचे राहिले. ते हात आपले असावेत, त्यांना पूर्ण मजुरी मिळावी, आणि वजन उचलायची वेळ आली तर दोघींनी मिळून उचलावं. फर्मा तेवढा जड नक्कीच नाही.