दोन पाळण्यांचा हिशोब

रियाधजवळच्या किद्दियामध्ये 31 डिसेंबर 2025 रोजी सिक्स फ्लॅग्ज पार्क सुरू झालं आणि त्यातल्या ‘फाल्कन्स फ्लाइट’चे व्हिडिओ आपल्या ग्रुपांवर फिरू लागले. पोलादी रुळांची लांबी चार किलोमीटरहून जास्त, वेग ताशी 250 किलोमीटर. अबू धाबीच्या फॉर्म्युला रोसाचा 240 चा विक्रम मोडला. न्यू जर्सीचा किंगडा का 139 मीटर उंच होता. त्याच्याही वर हे गेलं. तुवैकच्या कड्यावरून गाडी खाली झेपावते ते नुसतं बघूनही पोटात गोळा येतो. यंत्र अफाट आहे, त्यात वाद नाही. माझा वाद आहे तो ‘आपल्या रियाधचा विक्रम’ म्हणून मिरवण्यातल्या ‘आपल्या’ या शब्दाशी.

साधा हिशोब मांडू. पार्कचं तिकीट मोठ्यांना 325 रियालपासून, मुलांना 275 पासून. नवरा, बायको आणि दोन मुलं मिळून 1200 रियाल. आता दुसरा आकडा. परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे सरकार दरमहा 400 रियाल फी घेतं. बायको आणि दोन मुलं, म्हणजे महिन्याला 1200 रियाल. वर्षाला 14,400, तेही इकामा नव्याने काढताना आगाऊ. म्हणजे पार्कमध्ये एक दिवस घालवायला जे लागतं, तेच दर महिन्याला भरायचं. कशासाठी? तर संध्याकाळी चौघांनी एका ताटाभोवती बसावं यासाठी!

ही फी जुलै 2017 मध्ये माणशी 100 रियालने सुरू झाली आणि दरवर्षी शंभराने वाढत 2020 मध्ये 400 वर गेली. त्याच वर्षी व्हॅट 5 वरून 15 टक्के झाला. त्या काळात कितीतरी बायका-मुलं फायनल एक्झिट घेऊन चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धनला परतली. बाप मागे राहिले. दक्षिण रियाधच्या अल अझीझियात खोल्या वाटून राहणारे आपले लोक बघा. इथे त्यांना ‘बॅचलर’ म्हणतात. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, दोन मुलं आहेत, तरी बॅचलर! गवंडी, ड्रायव्हर, फिटर यांना तर कुटुंबाचा व्हिसा सहसा मिळतच नाही. फी भरायची वेळच त्यांच्यावर येत नाही. पोरगं शाळेत कितवीत गेलं हे व्हिडिओ कॉलवर कळतं.

या पार्कातल्या 28 राइड्सपैकी 18 कुटुंबांसाठी आणि लहान मुलांसाठी आहेत, असं पार्कवालेच सांगतात. छान आहे. पण जत्रेत पोराला पाळण्यात बसवायचं तर आधी पोर जवळ असावं लागतं. मराठीत तान्ह्या बाळाचाही पाळणाच आणि जत्रेतलाही पाळणाच. इथे एका पाळण्याला तिकीट आहे आणि दुसऱ्याला मासिक फी.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, ‘घर त्यांचं, नियम त्यांचे.’ मान्य. नियम करायचा हक्क त्यांचा आहे. पण त्यांच्याच ‘व्हिजन 2030’मध्ये लिहिलंय की कुटुंबांचा संस्कृती आणि मनोरंजनावरचा खर्च 2.9 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर न्यायचा. 2022 च्या जनगणनेप्रमाणे देशातले 41.6 टक्के रहिवासी परदेशी आहेत. त्यांची कुटुंबं परवडेनाशी करून गावी धाडायची, तर हा खर्च करणार कोण? फी कमी करा म्हणणं हा उद्धटपणा नाही. त्यांच्याच धोरणाला धरून आहे.

दुसरं उत्तर ठरलेलं असतं: ‘पगारावर इन्कम टॅक्स नाही, मग तक्रार कसली?’ टॅक्स कमाई बघून लागतो. ही फी कमाई बघत नाही. महिना 6,000 रियाल मिळवणाऱ्याचे तीन माणसांमागे 20 टक्के जातात, 30,000 मिळवणाऱ्याचे 4 टक्के. त्यातही मोठ्या हुद्द्यावरच्या अनेकांची फी कंपनीच भरते. ‘तक्रार कसली’ हे बहुतेक वेळा त्यांच्याच तोंडून ऐकू येतं, यात नवल नाही.

म्हणून आपल्या मंडळींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना सत्कार आणि हळदीकुंकवाला बोलावता, तेव्हा हा विषय त्यांच्या कानावर घाला. सगळी फी रद्द करा असं कुणी म्हणत नाही. निदान अठरा वर्षांखालच्या मुलांची माफ व्हावी, एवढं तरी लेखी द्या. या देशात पंचवीस लाखांच्या घरात भारतीय आहेत. एवढ्या लोकांची मागणी नुसत्या चहापानात विरून जाऊ नये.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली. किद्दियाची सहल काढाल तेव्हा वर्गणीत चार तिकिटं जास्तीची धरा आणि अझीझियातल्या ‘बॅचलर’ना बरोबर न्या. असे पार्क, मेट्रो, रस्ते उन्हातान्हात उभे करणारे हात बव्हंशी आपल्याच उपखंडातले असतात. विक्रमाचा अभिमान वाटून घ्यायचाच असेल, तर त्या हातांचा घ्या. आणि त्या हातांची पोरं इथे का नाहीत, हे विचारायला लाजू नका.