मागील बाकी

भिवंडीच्या माणसाचे वर्ष दोनदा सुरू होते. एकदा गुढीपाडव्याला, पंचांगाप्रमाणे. आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या पाडव्याला, सुताच्या आणि कापडाच्या पेढ्यांप्रमाणे. माझे वडील येथल्याच एका सूतवाल्याच्या पेढीवर दिवाणजी होते. १९६९ च्या दिवाळीत शेठजींनी त्यांना एक जादा कोरी लाल चोपडी दिली. बोनसपेक्षा ती स्वस्त पडली असावी! हिशेब ठेवावा एवढे आमच्या घरात काही नव्हते. तेव्हा वडिलांनी तिच्यात सहलींचे खाते उघडले. पाडव्याला सकाळी वर 'श्री' काढायचा आणि पुढच्या वर्षी कोठे कोठे जायचे ते नावे टाकायचे. जाऊन आले की त्याच ओळीसमोर जमा करायचे. उरेल ती मागील बाकी, पुढच्या पानावर चालू.

ही चाल मी अजून पाळली आहे. फरक एवढाच, की वडिलांच्या खात्यात टिटवाळा, अंबरनाथ, फार झाले तर माथेरान असे. आमच्या खात्यात आता सगळा हिंदुस्थान असतो. पाडव्याला घाई नको म्हणून कच्चे टिपण मात्र दसऱ्यानंतरच्या एखाद्या रविवारी होते. यंदाही झाले.

पहिली मागणी चिरंजीवांची. तो महामार्गालगतच्या एका गोदामात नोकरीला आहे. दसरा-दिवाळीत जगाला सुट्टी असते तेव्हा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून त्याच्या सहली नेहमी लांबच्या आणि नेहमी उद्याच्या. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून त्याने बाराही किल्ल्यांचा पण केला आहे. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, असे अकरा आपल्या महाराष्ट्रात आणि बारावा जिंजी, तमिळनाडूत. चिरंजीवांना सुरुवात जिंजीपासून करायची आहे.

"अरे, आधी शिवनेरी तरी कर!" मी म्हणालो.

"शिवनेरी काय बाबा, जवळच आहे. केव्हाही जाता येईल."

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

जिंजीला जायचे तर रेल्वेचे आरक्षण आले. पूर्वी चार महिने आधी तिकीट काढता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत साठ दिवसांवर आली आहे. त्यामुळे सहलीचा दिवस ठरला की उलटे साठ दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करायची, हे काम मी माझ्याकडे घेतले. निवृत्त मास्तराला मोजण्याचे काम दिले की तो खूश असतो.

सूनबाईने एस.टी.चा पक्ष घेतला. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी उलटलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून राज्यात कोठेही फुकट. तिने बोटांवर हिशेब मांडला: आजी फुकट, सासूबाई अर्ध्या, ती स्वतः अर्धी, नात अर्धी. पासष्ट झाल्याशिवाय मला सवलत नाही. म्हणजे या घरात पूर्ण तिकिटाचे धनी आम्ही दोघे पुरुष तेवढे! आमच्यामुळेच सहली महाग पडतात, असा निष्कर्ष निघाला आणि तो बहुमताने मंजूर झाला.

आमच्या सौ.ची मागणी एकच होती, भिलार. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचे हे स्ट्रॉबेरीचे गाव मे २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' झाले. तेथे गावकऱ्यांच्या घरांतून पुस्तके मांडून ठेवलेली असतात. आत जावे, बसावे, वाचावे. "दुसऱ्याच्या घरात बसून पुस्तक वाचायचं," सौ. म्हणाली, "आणि तिथे मला कुणी म्हणणार नाही, की अगं, चहा टाकतेस का?" मी चहाचा विचार करीतच होतो, तो तसाच गिळला आणि भिलार टिपून घेतले.

माझी मागणी नेहमीप्रमाणे जवळची. मला वाटते, आम्हां भिवंडीकरांना आपला मुलूखच ठाऊक नाही. बाहेरच्यांना भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांपुढच्या ट्रकांच्या रांगा आठवतात. आणि आम्हीही तेवढीच पाहतो. वास्तविक १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, येथूनच त्यांना खाडीची वाट सापडली. आमच्या अंजूरचे गंगाजी नाईक वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने खपले. त्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी नवस केला. १७३९ मध्ये वसई पडली आणि वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. देऊळ आमच्याच तालुक्यात. शेजारी अकलोली-गणेशपुरीची उन्हाळी, म्हणजे थंडीत जायची जागा. लोणाडला लेणे आहे. अंबरनाथचे शिवालय इसवी सन १०६० चे. माहुलीचा किल्ला आसनगावाहून दिसतो. पावसाळा सरता सरता तेथे जावे. महिन्याला एक म्हटले, तरी वर्ष पुरणार नाही.

अर्थात टिपण म्हणजे सहल नव्हे, हे मी जाणतो. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घराबाहेर पडले ते मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळवून कर्ज फेडायला. आणि सापडले बंडाच्या धुमाळीत. परत आले तेव्हा द्रव्य फारसे नव्हते. आईबापांसाठी आणलेली गंगेची कावड मात्र होती. बेत एक आणि प्रवास दुसराच, ही आपली जुनी परंपरा आहे.

असो. टिपण पुरे झाले आणि मी माळ्यावरून जुन्या चोपड्या काढल्या. दिवाळीची आवराआवर चाललीच होती. माझी नऊ वर्षांची नात मांडी घालून बसली आणि मोठ्याने वाचू लागली. माझ्या चोपडीतली वीस-पंचवीस वर्षे तिने भराभर उलटली. मग एकाएकी थांबून म्हणाली, "आजोबा, यात पणजीचं नाव कुठेच नाही."

मी म्हणालो, "असेल गं. नीट बघ."

नव्हते. गणपतीपुळे, वेरूळ, गोवा... प्रत्येक सहलीपुढे जाणाऱ्यांची नावे मी मास्तरी अक्षरात लिहिली होती. आईचे नाव एकाही ओळीत नव्हते. कारण साधे होते. घर सोडून सगळे कसे जाणार? नळाला पाणी अवेळी येते, ते भरायला कोणीतरी हवे. प्रत्येक वेळी आई म्हणे, "तुम्ही जाऊन या. मी घर राखते." आणि प्रत्येक वेळी आम्ही जाऊन आलो.

मग नातीने वडिलांची चोपडी उघडली. पहिल्याच पानावर, १९६९ च्या पाडव्याला, वडिलांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: 'निर्मळची यात्रा. सौ.सह.' समोर जमेची जागा कोरी. १९७० च्या पानावर तीच ओळ, शेजारी 'मागील बाकी'. १९७१, तीच ओळ. नात पाने उलटीत राहिली आणि मी ऐकत राहिलो. शेवटची ओळ १९९७ ची. पुढच्या दिवाळीला वडील नव्हते.

निर्मळ हे आईचे माहेर. वसईजवळचे. कार्तिक वद्य एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते. भिवंडीहून असे किती लांब? पण दिवाळीचा पाडवा झाला, की पेढीवर नव्या चोपड्यांची घाई सुरू होई आणि दिवाणजींना कार्तिकात रजा मिळत नसे. पुढे आईचे आईवडील गेले, माहेरचे दार मिटले. आणि मग, जवळच तर आहे, केव्हाही जाऊ.

वडिलांनी त्यांच्या बाजूने खाते चोख ठेवले होते. न झालेली सहल त्यांनी एकाही वर्षी खोडली नव्हती. खोट माझ्या हातून झाली. त्यांच्यामागे मी नवी चोपडी घातली आणि दिवाणजीचा मुलगा असून मागील बाकी ओढली नाही. पेढीवर असे कोणी केले असते, तर त्याला वडिलांनी दुसऱ्या दिवशी उभे केले नसते.

आई आत करंज्यांना मुरड घालीत होती. ब्याऐंशी वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात. पण मुरड अजून तिचीच लागते. मी जवळ जाऊन बसलो आणि विचारले, "आई, निर्मळच्या यात्रेला जायचं का?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. हातातली करंजी पुरी झाली, ताटात गेली. मग म्हणाली, "पाण्याला कोण राहील?"

"मी राहतो," चिरंजीव दारातून म्हणाला. त्याला कार्तिकात रजा नाही, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. आजोबांप्रमाणेच.

"एस.टी.त तुम्हांला तिकीट नाही, आजी," सूनबाई म्हणाली.

"एस.टी. नको," आई म्हणाली. "फाट्यावरच्या स्टेशनातून ती वसईची गाडी जाते ना, तिनं जाऊ. इतकी वर्षं भोंगा ऐकते आहे. एकदा आत बसून बघते." आणि पुन्हा करंजीकडे पाहत, हळूच: "सुकेळी मिळतात का रे अजून तिथं? माझा बाप यात्रेतनं आणायचा. वाळल्या पानात बांधलेली."

त्या गाडीला साठ दिवस आधी आरक्षण लागत नाही. खारबाव, कामण, जूचंद्र, की वसई. पाडव्यापासून कार्तिक वद्य एकादशी पंचवीस-सव्वीस दिवसांवर; ते मी मोजून ठेवले आहेत. त्या दिवशी गर्दी फार असेल तर एक दिवस मागेपुढे करू. पण कार्तिक चुकवणार नाही.

पाडव्याला नव्या चोपडीत 'श्री'खाली पहिली ओळ निर्मळची असेल. जिंजी दुसरी, भिलार तिसरे. तुम्हीही या दिवाळीत पुढच्या वर्षाच्या सहलींचे टिपण करीत असाल, अवश्य करा. मात्र नवे पान लिहिण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांची जुनी पाने एकदा चाळून घ्या. तुमच्या घरी चोपडी नसेल, तर त्यांच्याजवळ बसून नुसते विचारा. बाकी त्यांच्या ध्यानात असते. फक्त ती मागायची त्यांना सवय नसते.