शिबिरातली साखर, शहरातली साखर
दर नोव्हेंबरात, मधुमेह दिनाच्या आसपास, आरोग्य शिबिरांतले मधुमेहाचे टक्के बातम्यांत झळकतात. ते शहराचे नसतात. शिबिराला येतो तो आधीच धास्तावलेला किंवा सवड असलेला. सकाळची लोकल पकडणारा येत नाही.

शहराचा आकडा हवा तर वॉर्ड, वस्ती, घर आणि घरातली व्यक्ती चिठ्ठीने निवडावी लागते. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह-पाहणीने हेच केले. 2008 ते 2020 या काळात 1 लाख 13 हजारांवर प्रौढ तपासले. उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त. 2023 मध्ये निष्कर्ष आले: शहरी भागात 16.4 टक्के, ग्रामीण भागात 8.9. गोवा 26.4 टक्क्यांसह देशात सर्वांत पुढे.

याउलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण कोणत्याही वेळी बोटातून थेंबभर रक्त घेते. स्वस्त आणि सुटसुटीत, पण निदान नव्हे. दोन्हींचे आकडे शेजारी मांडून ‘मधुमेह वाढला’ किंवा ‘घटला’ म्हणणे हा निव्वळ अडाणीपणा. एचबीए1सी ही रक्तचाचणी सोयीची खरी, कारण उपाशी राहावे लागत नाही. मात्र रक्तक्षय असलेल्यांत ती चकवू शकते आणि आपल्याकडे रक्तक्षय घरोघरी. शिवाय दारोदारच्या पाहणीतही दुपारी घरी सापडतात त्या बहुतेक बायका आणि म्हातारी माणसे. टॉवरचा वॉचमन तर सर्वेक्षकाला फाटकावरूनच परतवतो.

महापालिकांनी शिबिरांचे फलक जरा कमी लावावेत आणि दर पाच वर्षांनी, एकाच पद्धतीने, संध्याकाळी व रविवारी दारे ठोठावणाऱ्या पाहणीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी.