पेटीला बोलू द्या, कॉम्प्युटरला लिहू द्या!

गॅदरिंग संपले की आपला कीबोर्ड कुठे जातो? कपाटात. मग वर्षभर त्याच्यावर धूळ आणि आपल्यावर सबमिशन! वर्षातून चार दिवस वाजवण्यापुरते हे वाद्य ठेवायचे, हे मला पटत नाही. तो कॉम्प्युटरला जोडा, असे माझे म्हणणे आहे. गाणे रेकॉर्ड करायला नव्हे, गाणे लिहायला.

हे होस्टेलवर बोललो की कोणीतरी हमखास म्हणतो, "त्यात काय बे, हेडफोनची पिन काढून लॅपटॉपच्या माइकमध्ये खुपस!" नाही राव. त्या वायरमधून आवाज जातो, स्वर जात नाहीत. आवाज म्हणजे नुसती लाट. त्यातून कोणते बोट कुठे पडले हे शोधायला दुसरे सॉफ्टवेअर बसवावे लागते आणि तेही चुकते. आपल्याला हवी आहे मिडी.

मिडीची गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तरी वाचावीच. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरने जोडून दाखवले. एकावर बोट ठेवले की दुसरा वाजायचा. यामागचे दोन मुख्य माणूस म्हणजे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी. या कामासाठी दोघांना २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळाले. स्पर्धक कंपन्यांनी एकच भाषा मान्य केली आणि ती आजही चालते! (आपल्याकडे दोन ब्रँचना गॅदरिंगची एक तारीख मान्य होत नाही.) वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे आजच्या हिशेबाने गोगलगाय. पण पाठवायचे तरी किती? एक स्वर म्हणजे तीन बाइट : "स्वर सुरू झाला", "स्वर क्रमांक अमुक", "इतक्या जोराने". स्टार्ट-स्टॉप बिट धरून तीस बिट, जेमतेम एक मिलिसेकंद. शिवाय घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर असतो, दोन यंत्रे विजेने जोडलीच जात नाहीत, म्हणून ती कंटाळवाणी घूं-घूं येत नाही.

जोडणी अगदी सोपी. कीबोर्डच्या मागे प्रिंटरसारखे चौकोनी यूएसबी भोक असेल तर साधी प्रिंटरची केबल पुरते. जुन्या कीबोर्डला पाच पिनांची दोन गोल भोके असतात, तिथे यूएसबी-मिडी केबल घ्यावी लागते. घोळ इथेच होतो. कीबोर्डच्या 'आउट'मधून निघालेले केबलच्या 'इन'मध्ये गेले पाहिजे. काही स्वस्त केबलांवर मात्र, ती पिन कीबोर्डच्या कोणत्या भोकात घालायची तेच नाव छापलेले असते. म्हणून काही आले नाही तर केबल फेकू नका, पिना उलट्या करून बघा. मग म्यूझस्कोर उघडा. फुकट आहे, चोरीच्या सीडीची गरज नाही. 'एन' दाबा, पाच दाबून एका मात्रेची लांबी ठरवा आणि सावकाश एकेक पट्टी दाबत जा. तालात वाजवायची गरजच नाही. सरळ वाजवून लिहून घ्यायचा मोह होतो, पण मग कॉम्प्युटर तुमची प्रत्येक ढिलाई इमानाने लिहितो आणि कागदावर मुंग्यांची रांग उठते.

आता खरा मुद्दा. हे सगळे कशासाठी? तर आपल्या दाराशी झाडीपट्टी आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर. दिवाळीनंतर मंडई सुरू झाल्या की गावोगावी रात्रभर नाटके होतात. पेटी-तबल्याच्या जोडीला आता सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅडही आले. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईला कळले की असे काही आहे बाप्पा! पण त्या नाटकांतली गाणी? शब्द वहीत असतात, चाल पेटीवाल्याच्या बोटांत. मोबाइलवर रेकॉर्डिंग आहे ना, असे तुम्ही म्हणाल. आहे, पण त्यात शिट्ट्या आहेत, जनरेटर आहे आणि शेजारच्या काकूंच्या गप्पाही आहेत. नव्या पेटीवाल्याला त्यावरून बसवायचे तर पन्नासदा मागे-पुढे करावे लागते. लिहिलेली चाल तो एका बैठकीत उचलेल.

आणि इथेच माझी म्यूझस्कोरशी तक्रार सुरू होते. ते पाच रेघांवर लिहिते. आपला पेटीवाला "काळी एक"मध्ये वाजवतो. म्हणजे पाश्चात्त्य हिशेबात सात शार्प, कागदावर नुसती बाभळीची काटी! त्याला ते वाचता येत नाही आणि यावे असा आग्रहही नको. आपल्याकडे भातखंड्यांची लिपी आहे. विष्णू नारायण भातखंडे शिकलेले वकील, पण घराण्यांतल्या चिजा गोळा करून 'क्रमिक पुस्तक मालिका' मराठीत सहा भागांत छापून गेले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. लहान मुलगाही वाचेल.

मिडीतून या लिपीत येणे हे फायनल इयरचे प्रोजेक्ट का होऊ नये? काळी एक म्हणजे क्रमांक ६१, तो सा. ६५ आला, वजाबाकी चार, म्हणजे शुद्ध ग. ६४ आला, तीन, कोमल ग. बाराने भागून बाकी घ्या, सप्तक भागाकारातून मिळते. आडवी-उभी रेघ तर देवनागरी युनिकोडमध्ये वेदमंत्रांच्या खुणा म्हणून आधीच बसलेली आहे. दरवर्षी तेच लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम करण्यापेक्षा हे काय वाईट? परीक्षकांनाही जरा झोप येणार नाही.

जाणकार म्हणतील, पट्टीवर मींड येत नाही. खरे आहे. याच दोषावरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. कीबोर्डचे पिच-बेंडचे चाक दोन स्वरांमधली घसर क्रमांकांत पाठवते, पण कंठातली मींड त्यात मावेल असे मी म्हणणार नाही. ती जागा कमानीने दाखवावी आणि बाकीचे गाणाऱ्यावर सोडावे. भातखंड्यांनीही तेच केले. सांगाडा तरी राहील ना! आज तोही राहत नाही.

सांस्कृतिक मंडळाकडे माझी मागणी छोटी आहे : कपाटाची किल्ली आणि एक केबल. दिवाळीच्या सुट्टीत आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगावकडे जाणाऱ्यांनी आपल्या गावच्या नाटकाची निदान दोन गाणी आणावी. पेटीवाल्या काकांना विचारून ठेवा, सा कोणता धरता आणि ताल कोणता. त्यांच्या परवानगीशिवाय आणू नका, आणि वर त्यांचे नाव लिहा.