खोडाळ्याच्या रस्त्याला कोणती चाकं?

चाकणला तयार होणारी महिंद्राची ‘बीई 6’ घ्यायला निघालेले बहुतेकजण आधी रंग आणि काचेचं छत बघतात. मी म्हणेन, आधी चाकं ठरवा. 19 इंची मिळतात, हौस असेल तर 20 इंचीही. ऐकायला फरक इंचाचाच, पण टायरवरचे आकडे नीट वाचा. 19 इंचीवरचा 245/55 म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जवळपास 135 मिलिमीटर रबर. 20 इंचीवरचा 245/50 म्हणजे 122. पावसाळ्यात कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याला जाताना पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही. चाक जोरात आदळलं की टायरची बाजू रिमखाली चिमटते, आतले धागे तुटतात आणि फुगवटा येतो. त्यावर पंक्चरवाल्याकडे इलाज नसतो, टायर बदलावाच लागतो, आणि एवढ्या मापाचा टायर मोखाड्यात हाताशी मिळेल हा भरवसा धरू नका. म्हणून 19च घ्या, दिसायला थोडी कमी रुबाबदार असली तरी. आणि गाडीच्या पुढे लोखंडी गार्ड तर बसवूच नका. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं ते योग्यच होतं: धडकेत पादचाऱ्याला जास्त इजा होते, एअरबॅगही वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही. या रस्त्याच्या कडेने शाळेची पोरं चालतात, मोळ्या घेतलेल्या बाया चालतात. त्यांच्यासाठी चारही चाकांना चांगले रुंद मडफ्लॅप मात्र जरूर लावून घ्या. खर्च किरकोळ आहे.