पाटी कात्रजची
कॅलिफोर्नियात दोन-तीन हजार वस्तीच्या शहराच्याही वेशीवर हिरवी पाटी दिसते: नाव, लोकसंख्या, समुद्रसपाटीपासूनची उंची. तशी पाटी पुण्याच्या कात्रजला लावायची, तर रंगाऱ्याची पंचाईत होईल, मंडळी. उंचीचं जमेल, वस्ती डोंगराच्या पायथ्यालाच आहे. इतिहासाला मात्र पाटी पुरायची नाही. १६६३ साली शाहिस्तेखानाची बोटं छाटल्यावर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना चकवलं, ते कात्रजच्याच घाटात, असं परंपरा सांगते. पुढे नानासाहेब पेशव्यांनी इथं तलाव बांधला आणि त्याचं पाणी जमिनीखालच्या नळातून, नुसत्या उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत नेलं. वाटेत जागोजागी उच्छ्वास: विहिरीसारखं उभं बांधकाम, तिथं गाळ तळाशी बसायचा आणि निवळलेलं पाणी पुढे पेठांतल्या हौदांकडे जायचं. आज पेठेतला माणूस ‘कात्रज? फार लांब बुवा!’ म्हणतो, त्याचे खापरपणजोबा तिथलंच पाणी प्यायले. राहिली लोकसंख्या. नव्वदीच्या दशकात गाव महापालिकेत आलं आणि त्याचा वेगळा आकडाच हरवला. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१,२४,४५८ माणसं मोजली गेली. कात्रजकर त्यातच जिरले. इथल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातल्या वाघांची तरी नावानिशी नोंद आहे! गाव शहरात घेतलं म्हणून त्याचा हिशेब पुसायचा, हे काही बरोबर नाही. येत्या जनगणनेनंतर महापालिकेने जुन्या गावठाणांचे आकडे वेगळे छापावेत आणि पहिली पाटी कात्रज चौकात लावावी.